शरीराचा कारभार : मज्जातंतु व संप्रेरकें

म्हैस धारेस उभी राहिली, कीं प्रथम रेडकूं सोडतात. तें कांसेस ढुसण्या देतें, सड चोखतें, आणि थोड्याच वेळांत सड भरून येऊन दूध उतरतें. ह्यासच आपण पान्हा म्हणतों. तेंच धारेस परका मनुष्य बसला, कुत्रें अंगावर आलें किंवा कोणी काठी उगारली, तर म्हैस पान्हा चोरते. दूध कांसेंत असतें, पण खालीं येत नाहीं. ही गोष्ट प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. परंतु तिच्या मुळाशीं जी व्यवस्था आहे, तीच मनुष्याच्याही शरीराचा कारभार चालविते, हें फार थोड्यांच्या ध्यानांत येतें. उन्हांत राबणाऱ्यास व बागेंत फवारणी करणाऱ्यास ह्या व्यवस्थेची ओळख असणें जिवाच्या दृष्टीनें अवश्य आहे. म्हणून हा पाठ.

दोन प्रकारचे जासूद

तालुक्याच्या कचेरीचा हुकूम दोन रीतींनीं पोहोंचविला जातो. एका खातेदारास बोलवावयाचें असेल, तर त्याच्या नांवाची नोटीस शिपाई त्याच्याच दारीं नेऊन बजावितो. सर्व गांवास कळवावयाचें असेल, तर दवंडी पिटतात. ती सर्वांच्या कानीं पडते, पण जिच्याशीं ज्याचा संबंध असेल तोच उठतो. शरीरांत मज्जातंतु हे नोटीस बजावणारे शिपाई होत, आणि संप्रेरकें, ज्यांस हार्मोन असेंही म्हणतात, ही रक्तांतून फिरणारी दवंडी होय.

मज्जातंतूंचें काम फार जलद चालतें. त्यांपैकीं वेगवान तंतूंतून वार्ता सेकंदास सुमारें १०० मीटर जाते. विस्तवावर पाय पडला, तर पाय मागें घेण्याचा हुकूम मज्जारज्जूंतूनच सुटतो, आणि चटका बसल्याची जाणीव मेंदूस मागाहून होते. तंतु जेथें संपतो तेथें तो व पुढील स्नायु ह्यांमध्यें अतिसूक्ष्म फट असते. ती वार्ता कशी ओलांडते, ह्याचा उलगडा सन १९२१ मध्यें ऑटो लोवी ह्या शास्त्रज्ञानें केला. त्यानें एका बेडकाच्या हृदयाचा मज्जातंतु चेतविला, तेव्हां हृदयाचे ठोके मंदावले. त्या हृदयांतील द्रव दुसऱ्या बेडकाच्या हृदयास लावतांच तेंही मंदावलें. अर्थात् तंतूच्या टोकाशीं कांहीं रस सुटतो, असें सिद्ध झालें. त्या रसाचें नांव ॲसिटिलकोलीन. वाचकांनीं हें नांव ध्यानांत ठेवावें. फवारणीच्या प्रकरणीं त्याचें काम पडणार आहे.

दवंडीचा शोध त्यापूर्वींचा आहे. सन १९०२ मध्यें लंडन येथें बेलिस व स्टार्लिंग ह्यांनीं कुत्र्याच्या आंतड्याच्या एका भागाचे मज्जातंतु तोडून तेथें आम्ल घातलें. तरीही स्वादुपिंडानें पाचक रस सोडला. निरोप तंतूंतून जाण्यास वाटच नव्हती, म्हणजे तो रक्तांतून गेला. पुढें १९०५ मध्यें स्टार्लिंगनें अशा द्रव्यांस हार्मोन हें नांव दिलें. चालना देणारें, असा त्या ग्रीक शब्दाचा भाव आहे, व आपला संप्रेरक हा शब्द तोच भाव दाखवितो.

हीं द्रव्यें अत्यल्प प्रमाणांत काम करतात. द्राक्षबागायतदारांस ह्याचा दाखला घरचाच आहे. मण्यांचा घड लांबविण्यासाठीं जें जिबरेलिक आम्ल फवारतात, तें वनस्पतींचें संप्रेरकच होय. शंभर लिटर पाण्यांत अवघा एक ग्रॅम मिसळला तरी त्याचा परिणाम घडावर दिसतो. प्रमाण चुकल्यास घड बिघडतो, हेंही बागायतदार जाणतात.

आतां पान्ह्याकडे पुन्हां वळूं. रेडकाच्या तोंडाचा स्पर्श सडास होतांच ती वार्ता मज्जातंतूंच्या वाटेनें मेंदूंत जाते. मेंदूच्या तळाशीं पिट्युइटरी अथवा पीयूषिका नांवाची ग्रंथि आहे. मनुष्यांत ती वाटाण्याएवढी व सुमारें अर्धा ग्रॅम वजनाची असते. तिच्या मागील भागांतून ऑक्सिटोसिन हें संप्रेरक रक्तांत उतरतें, मिनिटाभरांत कांसेस पोहोंचतें, आणि दुधाच्या सूक्ष्म पिशव्या आवळून दूध बाहेर लोटतें. त्याचा अंमल थोडींच मिनिटें टिकतो. म्हणून रेंगाळत धार काढणाऱ्याच्या हातून शेवटचें दूध, ज्यांत स्निग्धांश सर्वांत अधिक असतो, तेंच कांसेंत राहतें. जनावर भ्यालें, तर मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून ॲड्रेनलीन सुटतें व तें पान्ह्यास आडवें येतें. अंगावर पाजणाऱ्या मातेचेंही असेंच आहे. लेंकराचें नुसतें रडणें कानीं पडलें तरी तिला पान्हा फुटतो, आणि धाक, चिंता व भांडण ह्यांनीं तो आटोपतो. बाळंतिणीस शांतता द्यावी, ह्या जुन्या सांगण्यास असा भक्कम आधार आहे. ह्याच ऑक्सिटोसिनची सुई टोचून कोणी जनावराचें दूध काढतात. जनावरास अपाय करून दूध वाढविण्यासाठीं सुई देणें हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यान्वयें गुन्हा आहे.

पाण्याचा जमाखर्च

जत तालुका पर्जन्यछायेंतला. म्हैसाळ योजनेचें पाणी त्याच्या कांहीं भागांत पोहोंचलें आहे. तथापि चैत्र-वैशाखाचें ऊन कोणत्याही योजनेनें कमी होत नाहीं. अशा उन्हांत शरीर आपल्या पाण्याचा हिशेब कसा ठेवतें, तें पाहूं.

मनुष्याच्या वजनाचा सुमारें साठ टक्के भाग पाणी आहे. अंग तापूं लागतांच मेंदूचा हुकूम मज्जातंतूंनीं घर्मग्रंथींस जातो, घाम सुटतो, आणि तो वाळतांना अंग निवतें. कडक उन्हांत कष्टाचें काम करणाऱ्याचा घाम तासास एक लिटर वा त्याहूनही अधिक जातो. त्यामुळें रक्तांतील क्षारांचें प्रमाण शेंकडा एक-दोननें वाढलें, तरी मेंदूस तें कळतें. मग तो दोन गोष्टी करतो. एक, तहान लावतो. दुसरी, पीयूषिकेमार्फत व्हासोप्रेसिन नांवाचें संप्रेरक सोडून मूत्रपिंडांस काटकसरीचा हुकूम देतो. मूत्रपिंडें दिवसास सुमारें १८० लिटर द्रव गाळतात व त्यांतील बहुतेक सर्व परत रक्तांत घेतात. एरवीं लिटर-दीड लिटर लघवी होते. हा हुकूम मिळाला, कीं ती अर्ध्या लिटरवर येते. म्हणून लघवी थोडी व गडद पिवळी होऊं लागली, कीं विहीर तळास लागली असें समजावें. दारू हें संप्रेरक रोखून धरते. तेणेंकरून पाणी वांचण्याऐवजीं वाहून जातें. उन्हांतून आल्यावर दारूनें तहान भागविणें म्हणजे फुटक्या मोटेनें पाणी भरणें होय.

घामाबरोबर मीठही जातें. तें राखण्याचें काम मूत्रपिंडांवरील ग्रंथींतील अल्डोस्टेरोन हें संप्रेरक करतें. रोज उन्हांत राबणाऱ्याचें शरीर आठ-पंधरा दिवसांत सरावतें; घाम लवकर व भरपूर येतो, पण त्यांतील मीठ कमी होतें. पुण्या-मुंबईहून सुटींत आलेल्या मुलाचें शरीर असें सरावलेलें नसतें. त्यास पहिल्याच दिवशीं दुपारच्या कामास लावूं नये. वृद्धांची गोष्ट आणखी निराळी. वयोमानानें तहानेची जाणीव मंद होते. म्हातारा पाणी मागत नाहीं, म्हणजे त्यास पाणी नको आहे, असें मुळींच नव्हे.

ऊन सोसण्याची मर्यादा संपली, म्हणजे ही सर्व व्यवस्था कोलमडते. अंगाचा ताप ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो, मनुष्य असंबद्ध बोलूं लागतो अथवा बेशुद्ध पडतो. हा उष्माघात होय. अशा वेळीं सावलीस नेऊन अंगावर सतत पाणी ओतावें, वारा घालावा व त्वरित दवाखान्यांत न्यावें. बेशुद्धाच्या तोंडांत पाणी घालूं नये.

फवारणीचें विष

जत, तासगांव ह्या बाजूस द्राक्ष व डाळिंब ह्यांच्या बागा पुष्कळ. छाटणीनंतर फवारणी अनेक वेळां करावी लागते. कीटकनाशकांतील सेंद्रिय फॉस्फरसवर्गीय औषधें कीटकांस मारतात तीं त्यांचे मज्जातंतु बिघडवून. आणि दुर्दैवाची गोष्ट ही, कीं ह्या बाबतींत कीटकाची व मनुष्याची रचना सारखीच आहे.

तंतूच्या टोकाशीं सुटलेलें ॲसिटिलकोलीन आपला निरोप देऊन झाल्यावर तेथेंच नाहींसें व्हावें लागतें. तें मोडण्यासाठीं तेथें एक पाचकद्रव्य सदैव हजर असतें. हीं विषें त्या पाचकद्रव्यासच बांधून टाकतात. मग एकदां बजावलेली नोटीस रद्द होत नाहीं. स्नायु व ग्रंथि थांबल्यावांचून तेंच काम करीत राहतात. तोंडास लाळ सुटते, डोळ्यांतून पाणी येतें, घाम फुटतो, बाहुली मोहरीएवढी बारीक होते, वांत्या व जुलाब होतात, स्नायु फडफडतात, छाती कफानें भरते, आणि अखेरीस श्वासाचे स्नायु थकून पडतात.

सन २०१७ च्या पावसाळ्यांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना शेंकडों शेतकरी व मजूर विषबाधेनें आजारी पडले, आणि वीसाहून अधिक दगावले. त्या वेळीं निरनिराळीं कीटकनाशकें वापरांत होतीं. त्यांत ह्या वर्गांतील औषधेंही होतीं. कपाशी डोक्याच्यावर वाढलेली, हवा दमट, अंगावर साधे कपडे. अशा स्थितींत तुषार सरळ अंगावर येतात. विष केवळ तोंडावाटेंच नव्हे, तर कातडीवाटें व श्वासावाटेंही आंत जातें, आणि घामानें ओली झालेली कातडी त्यास अधिक सहज वाट देते. उन्हाच्या भरांत फवारणी करणारा म्हणूनच दुहेरी धोक्यांत असतो.

ह्यावर ॲट्रोपिन हें औषध डॉक्टर सुईवाटें देतात. तें ॲसिटिलकोलीनचा मार्ग अडवितें. वेळ न दवडतां उपचार झाल्यास मनुष्य वांचतो. घरगुती उपायांत गेलेला अर्धा तास मात्र परत मिळत नाहीं.

साखरेचा मेळ

संप्रेरकें नुसता हुकूम देऊन थांबत नाहींत; जमा व खर्च ह्यांचा मेळही घालतात. जेवणानंतर रक्तांत साखर वाढली, कीं स्वादुपिंड इन्सुलिन सोडतें व साखर स्नायूंत आणि यकृतांत सांठविली जाते. उपाशीपणीं साखर उतरली, कीं त्याच पिंडांतील ग्लुकागॉन सांठ्यांतून ती बाहेर काढतें. इन्सुलिन अपुरें पडलें, अथवा शरीर त्याचें ऐकेनासें झालें, म्हणजे मधुमेह होतो. हा श्रीमंतांचा व लठ्ठांचा रोग, अशी खेड्यांत समजूत आहे. ती बरोबर नाहीं. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा व त्यांच्या मुलांचा अभ्यास चालविला. तेथील अर्भकें वजनानें लहान भरलीं. स्नायु कमी, पण चरबी मात्र त्या मानानें कमी नव्हती. अशा देहास इन्सुलिन पुढें अपुरें पडण्याचा संभव अधिक असतो. तात्पर्य, मधुमेहाचें बीज आईच्या पोटांतच पडूं शकतें. गरोदर सुनेचें ताट हें पुढील पिढीचें बियाणें आहे, असें समजून त्यांत दूध, डाळ व भाजी ह्यांची वाण पडूं देऊं नये.

ध्यानांत ठेवण्याच्या गोष्टी

१. उन्हांत काम करतांना तहानेची वाट न पाहतां थोड्या-थोड्या वेळानें पाणी प्यावें. मीठ घातलेलें ताक उत्तम. जुलाब होत असल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून तें पाणी द्यावें.

२. फवारणी सकाळीं अथवा सायंकाळीं, वाऱ्याची दिशा पाहून करावी. अंगभर कपडे, हातमोजे व तोंडावर योग्य मुखवटा असावा. काम चालू असतां विडी-तंबाखू वर्ज्य करावी. काम संपतांच साबणानें स्नान करावें, आणि ते कपडे वेगळे धुवावे.

३. वर सांगितलेलीं विषबाधेचीं लक्षणें दिसतांच कपडे काढून अंग साबण-पाण्यानें धुवावें, आणि औषधाच्या बाटलीवरील चिठ्ठीसह रोग्यास तत्काळ दवाखान्यांत न्यावें. त्यास धुणाऱ्यानेंही हातमोजे घालावे.

४. चाळिशी उलटलेल्यानें वर्षांतून एकदां रक्तांतील साखर तपासून घ्यावी, मग तो कितीही सडपातळ असो.

पिकाचें पान पिवळें पडलें, तर आपण मुळाशीं काय झालें तें पाहतों. तहान, घाम, लघवीचा रंग, डोळ्याची बाहुली हीं शरीराचीं पानेंच होत. तीं वेळेवर वाचणाऱ्याच्या घरचा कर्ता मनुष्य सुखरूप घरीं येतो.