स्थितिदर्शक आणि गतिदर्शक क्रियापदे : ‘आहे’ आणि ‘होत आहे’ यांमधील अंतर



पावसाळ्यात शिरोळ तालुक्यातील कृष्णाकाठच्या कोणत्याही गावात गेलात, तर सकाळी माणसे एकमेकांना पहिल्यांदा पाण्याविषयी विचारतात. उत्तरे साधारणतः तीन प्रकारची मिळतात : ‘पाणी पायरीला आहे’, ‘पाणी चढतंय’, ‘पाणी चढलंय’. तिन्ही वाक्यांत कर्ता एकच आहे आणि काळही वर्तमानाशीच निगडित आहे. तरीही ऐकणारा पहिल्या उत्तरावर पुन्हा प्रश्न विचारतो, दुसऱ्यावर गोठ्याकडे वळतो आणि तिसऱ्यावर पाणी कुठवर आले आहे ते पाहायला निघतो. हा फरक ज्या व्याकरणिक भेदामुळे पडतो, त्याचा अभ्यास आपल्याला या पाठात करायचा आहे.

ज्या क्रियापदातून काही घडत असल्याचा बोध न होता केवळ एखादी अवस्था, संबंध किंवा गुण असल्याचा बोध होतो, ते स्थितिदर्शक क्रियापद होय. असणे, मावणे, आवडणे, जाणणे, पुरणे ही त्याची उदाहरणे. ज्यातून हालचाल, कृती किंवा बदल यांचा बोध होतो, ते गतिदर्शक. चढणे, पळणे, लिहिणे, वितळणे ही त्याची उदाहरणे. स्थितीला आतले टप्पे नसतात. ‘ही वही माझी आहे’ हे विधान घटकेच्या कोणत्याही तुकड्यात सारखेच खरे असते. ‘तिने पत्र लिहिले’ या घटनेला मात्र आरंभ, मध्य आणि शेवट आहे.

इथे एक गैरसमज आधीच दूर करतो, कारण उत्तरपत्रिकांत तो दरवर्षी भेटतो. स्थितिदर्शक म्हणजे अकर्मक नव्हे. ‘पळणे’ अकर्मक आहे, पण गतिदर्शक आहे. ‘तो कन्नड जाणतो’ यातील ‘जाणणे’ सकर्मक आहे, पण स्थितिदर्शक आहे. पहिला भेद कर्माच्या अपेक्षेवर उभा आहे, दुसरा अर्थाच्या अंतर्गत कालरचनेवर. मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) या ग्रंथापासून आपल्याला पहिल्या भेदाची चांगली ओळख आहे. दुसऱ्याची चर्चा आधुनिक भाषाविज्ञानात झेनो व्हेंडलर यांच्या १९५७ मधील लेखानंतर विशेष वाढली. त्यांनी स्थिती, प्रक्रिया, पूर्णत्वास जाणारी कृती आणि क्षणात घडणारी सिद्धी असे चार वर्ग केले. तथापि हा विचार आपल्याकडे अगदी नवा नाही. यास्काच्या निरुक्तात वार्ष्यायणीच्या नावे भावाचे सहा विकार सांगितले आहेत : जन्मणे, असणे, बदलणे, वाढणे, क्षीण होणे आणि नष्ट होणे. या यादीत ‘असणे’ हाही एक विकारच मानला आहे, ही गोष्ट मला नेहमी विचार करायला लावते.

आता ओळखायचे कसे? इंग्रजीच्या पुस्तकात एक सोपी कसोटी दिलेली असते : अपूर्ण काळात चालत नाही ते स्थितिदर्शक. मीही बरीच वर्षे हीच कसोटी वर्गात सांगत होतो आणि ती मराठीला अपुरी पडते हे विद्यार्थ्यांनीच माझ्या लक्षात आणून दिले. ‘या डब्यात दहा लाडू मावत आहेत’ किंवा ‘मला पोहता येत आहे’ ही वाक्ये खटकतात, हे खरे. पण ‘मला डोंगर दिसत आहे’, ‘त्याचे नाव आठवत आहे’ यांत काहीही वावगे नाही आणि दिसणे तर स्थितीच आहे. त्यापेक्षा साध्या वर्तमानकाळाची कसोटी मराठीत अधिक विश्वासार्ह ठरते. ‘ती गाते’ म्हटले की सहसा सवयीचा बोध होतो. ती आत्ता गात असेलच असे नाही. ‘तिला डोंगर दिसतो’ म्हटले की आत्ताचा बोध होतो. गतिदर्शक क्रियापद साध्या वर्तमानात रीतीकडे झुकते, स्थितिदर्शक चालू क्षणात राहते.

हेतूची कसोटीही उपयोगी पडते. ‘त्याने मुद्दाम पाहिले’ असे म्हणता येते, ‘त्याला मुद्दाम दिसले’ असे म्हणता येत नाही. पाहणे–दिसणे, ऐकणे–ऐकू येणे अशा जोड्या मराठीने फार नीट सांभाळल्या आहेत. त्यांतील दुसऱ्या पदाचा अनुभवक बहुधा ‘ला’ प्रत्यय घेतो : मला दिसते, तिला आवडते, त्यांना ठाऊक आहे. मात्र ‘ला’ दिसला की स्थिती, असे समीकरण मांडू नका. ‘मला कळले’ यातही ‘ला’ आहे, पण कळणे हा क्षणात घडलेला बदल आहे. तो घडून गेल्यावर जी उरते, ती ‘माहीत असण्याची’ स्थिती.

मराठीचा खरा विशेष याच ठिकाणी आहे. अनेक स्थितींसाठी आपल्याकडे स्वतंत्र क्रियापद नाही. बदलाचे क्रियापद पूर्ण काळात घालून आपण स्थिती सांगतो. ‘मूल झोपत आहे’ आणि ‘मूल झोपले आहे’ यांची तुलना करा. पहिल्यात डोळे मिटत आहेत आणि अंगाई अजून चालू आहे. दुसऱ्यात झोप लागलेली आहे. ‘ती साडी नेसत आहे’ म्हटले तर दाराबाहेर थांबावे लागते. ‘ती साडी नेसली आहे’ म्हणजे साडी अंगावर आहे. बसला आहे, थकला आहे, भिजला आहे, गाडी थांबली आहे, ही सारी रूपे दिसायला पूर्ण झालेल्या क्रियेची, पण सांगतात चालू स्थिती. इंग्रजीत झोपलेल्या मुलाविषयी अपूर्ण काळ वापरतात; तो शब्दशः मराठीत आणला की वाक्य व्याकरणशुद्ध राहते, अर्थ मात्र बदलतो. भाषांतराच्या प्रश्नपत्रिकेत असे गुण गेलेले मी पुष्कळदा पाहिले आहे.

कोल्हापूर-शिरोळच्या बोलीत आणखी एक रूप ऐकू येते : ‘पाणी चढाय लागलंय’. प्रमाण मराठीत ‘चढायला लागले’ म्हणजे चढण्यास आरंभ झाला. या बोलीत त्याचा अर्थ बहुधा ‘चढत आहे’ असाच असतो. ‘काय कराय लागलाईस?’ म्हणजे ‘काय करतो आहेस?’. पण ‘आवडणे’ लावून पाहा. ‘आता हे गाव आवडाय लागलंय’ यात आरंभाचाच अर्थ येतो. चालू प्रक्रिया दाखवणारे रूप स्थितिदर्शक क्रियापदाला जोडले की ते त्या स्थितीत होणारा प्रवेश दाखवते.

आता पुन्हा नदीकडे येऊ. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट मानली जाते. ‘पातळी ४१ फूट आहे’ हे विधान अचूक असूनही अपुरे आहे, कारण ‘आहे’ला दिशा नसते. तेच ४१ फूट चढतानाही लागतात आणि उतरतानाही. ‘धोका पातळी ओलांडली’ हे क्षणसिद्धीचे वाक्य आहे. त्यानंतर पाणी वाढले की स्थिरावले, हे त्यातून कळत नाही. २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर या तालुक्याने पाहिले. त्यांपैकी एका रात्री आमच्या घरी फोन आला, ‘रस्त्यावर पाणी आहे.’ वडिलांनी विचारले, ‘आहे, का यायलंय?’ समोरच्याला ते सांगता आले नाही. वडिलांनी वाट पाहिली नाही. आम्ही अंधारातच जनावरे सोडून माळाकडे निघालो. त्यांनी व्याकरण शिकलेले नव्हते. मी तेव्हा ते शिकवत होतो आणि हा प्रश्न मला सुचला नव्हता.

नृसिंहवाडीचा दक्षिणद्वार सोहळाही या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. कृष्णेचे पाणी उत्तरेकडून मंदिरात शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणद्वारातून बाहेर पडते. शिरणे, वाहणे, बाहेर पडणे ही तिन्ही क्रियापदे गतिदर्शक आहेत. मंदिर नुसते ‘पाण्यात आहे’ या वाक्यातून सोहळ्याचा बोध होत नाही.

स्वाध्याय : आपल्या गावातील पाऊस, पूर किंवा दुष्काळ यांविषयीची एखादी बातमी घ्या आणि तिच्यातील क्रियापदे स्थिती, प्रक्रिया व क्षणसिद्धी यांत विभागा. ‘पाणी ओसरत आहे’, ‘पाणी ओसरले आहे’ आणि ‘पाणी ओसरले’ या तीन वाक्यांपैकी कोणत्या वाक्यानंतर आपण घरी परत जाल, ते कारणांसह दहा ओळींत लिहा. ‘राहणे’ हे क्रियापद कोणत्या वर्गात घालावे यावर सहाध्यायींशी चर्चा करा. ‘तो सांगलीत राहतो’ आणि ‘पाणी तीन दिवस राहिले’ ही दोन्ही वाक्ये समोर ठेवा.