मिरचीची पानं वळली, दोष खताचा नाही

प्रश्न : अंगणात मिरचीची काही झाडं आहेत. शेंड्याची पानं आकसून वळली आहेत. शेजारी म्हणतात, युरिया कमी पडला. घरात कपाशीचं औषध उरलंय, तेच मारू का?
– एक गृहिणी, अल्लीपूर (जि. वर्धा)

उत्तर : ताई, ते औषध मुळीच मारू नका. कपाशीची औषधं घरी रोज तोडून खायच्या भाजीसाठी नाहीत. 2017 साली शेजारच्या यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी दगावले होते. युरियाही नको. त्याने पालवी लुसलुशीत होते आणि रस शोषणाऱ्या किडींचं फावतं.

हा चुरडा-मुरडा आहे. पान नीट बघा. कडा वर वळून पान होडीसारखं झालं असेल तर फुलकिडे. शेंडा पांढऱ्या कागदावर झटका, बारीक पिवळसर किडे पळताना दिसतील. कडा खाली वळून देठ लांबले असतील तर कोळी. तो भिंगाशिवाय दिसत नाही.

फुलकिड्यांसाठी 50 ग्रॅम निंबोळी कुटून रात्रभर भिजवा, गाळून लिटरभर पाणी करा, चिमूटभर साबणचुरा घाला आणि संध्याकाळी पानांच्या खालूनही फवारा. आठवड्याने पुन्हा. कोळी असेल तर पाण्यात विरघळणारं गंधक पाकिटावरच्या प्रमाणातच वापरा, पण कडक उन्हात नको, पानं करपतात.

पानं बारीक, पिवळी होऊन झाड खुजं राहिलं असेल, तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. त्याला औषध नाही, तेवढं झाड उपटून टाका. बाकीची बहुधा सावरतील, घाबरू नका. वळलेली जुनी पानं सरळ होणार नाहीत. नवी पालवी कशी येते ते बघा. शंका राहिलीच तर फांदी पिशवीत घालून सेलसुऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा.