चार हात, एक पियानो

पोरांनो, माइक कुठला घ्यायचा हा प्रश्न सगळ्यांत शेवटी. तुम्ही दोघं एकाच पियानोवर बसणार, म्हणजे दोघांचा आवाज एकाच साउंडबोर्डमधून निघणार. गाणं आणि तबला वेगळ्या माइकवर घेतले तर मागाहून एकाला चढवता येतं, दुसऱ्याला उतरवता येतं. इथे ती सोय नाही. सेकोंडो, म्हणजे खर्जाकडची बाजू, जड वाजला की तो जडच राहिला. तोल बोटांनीच साधायचा. वाजवताना प्रत्येकाला आपलीच बाजू मोठी ऐकू येते, म्हणून तिसऱ्या कुणाला तरी खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं करा आणि त्याचं ऐका.

शूबर्टची एफ मायनर फँटसी धरली आहेत ना? १८२८ची, त्याच्या शेवटच्या वर्षातली. सुरुवातीला सेकोंडो नुसती गुणगुण चालू ठेवतो आणि तिच्यावर प्रिमोची, म्हणजे वरच्या बाजूची, चाल येते. धाकट्या, ही गुणगुण तुला पुरेशी हळू वाटेल, त्याहून हळू वाजव. घरच्या खोलीत खर्जाचे सूर कोपऱ्यांत घुमतात. अपराइट भिंतीला चिकटलेला असेल तर आणखीच. तो हातभर पुढे ओढा, मागच्या भिंतीवर गोधडी टांगा, वरचं झाकण उघडं ठेवा.

पेडल सेकोंडोवाल्याचं, ही जुनी रीत. पण पाय त्याचा असला तरी कान ताईच्या चालीवर हवा. बासच्या हिशोबानं पेडल धरून ठेवलं की वरच्या चालीचा चिखल झालाच. यासाठी माझ्या बाईंनी शिकवलेला रियाज सांगते : ताईनं एकटीनं वाजवायचं, धाकट्यानं हात मांडीवर ठेवून नुसतं पेडल सांभाळायचं. कंटाळवाणं आहे, पण करा. मधल्या पट्ट्यांवर अंगठे एकमेकांवर चढतात, एकाच पट्टीवर दोघांचं बोट येतं. तिथं कुणी आधी उचलायचं हे पेन्सिलीनं लिहून ठेवा. माइकसमोर भांडू नका.

आता माइक. सारखे दोन घ्या. फ्रेंच रेडिओवाल्यांची जुनी मांडणी आहे : दोन्हींमध्ये १७ सेंटिमीटर अंतर, ११० अंशांचा कोन. अपराइटसमोर दोघं बसलात की पुढची बाजू झाकली जाते, म्हणून स्टँड तुमच्या डोक्यांच्या वर न्या. तिथं श्वासही टिपला जातो, तेव्हा सुरुवातीची खूण नाकानं नको, मानेनं करा. आवाजाची पातळी सुरुवातीच्या हळू भागावर लावू नका. शेवटाकडे फ्यूग जिथं अंगावर येतो, तो भाग आधी पूर्ण जोरात वाजवा आणि तिथला काटा उणे १० डेसिबलच्या आसपास राहील असं बघा.

पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि मधल्या सप्तकांचे सूर चढतात. सगळे सारखे चढले असते तर चाललं असतं. रेकॉर्डिंग हिवाळ्यात ठेवा आणि ट्यूनर येऊन गेल्यावर दोन-तीन दिवसांत उरकून टाका. पुण्यात गणपतीच्या आधी तर विचारही नको, ढोलपथकांचा सराव खिडकी बंद करून थांबत नाही.

ताई, बांगड्या आणि घड्याळ काढून ठेव. जोडबाक करकरत असेल तर दोन वेगळी स्टुलं घ्या. पानं उलटायला माणूस बसवा, कारण एका पानावर सेकोंडो आणि समोरच्यावर प्रिमो, उलटायची वेळ दोघांची एकच. कुणीच न वाजवता मिनिटभर खोलीचा आवाजही घेऊन ठेवा, तुकडे जोडताना तो लागतो.

पंखा बंद करायचं सगळ्यांच्या लक्षात राहतं, फ्रिजची घरघर मात्र ऐकताना कळते. तोही बंद करा आणि गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे तो चालू केल्याशिवाय कुणी घराबाहेर पडणार नाही. दूध नासलं तर वहिनीला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा, माझं नाव मधे आणू नका.