आधी वळण, मग इंजिन

एव्हरार्ड काल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने बार्शीची रेल्वे आखायला घेतली तेव्हा सुरुवात इंजिनापासून केली नाही. त्याने आधी एक आकडा ठरवला. कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार येता कामा नये, मग तो आस इंजिनाचा असो, मालाच्या वाघिणीचा असो की प्रवासी डब्याचा. त्या एका आकड्यातून बाकीचं सगळं आलं: रुळांमध्ये अडीच फुटांचं अंतर, यार्डाला ३० पौंड वजनाचे हलके रूळ, आणि आपलं वजन बऱ्याच चाकांवर वाटून घेणारी, लीड्सच्या किटसन कारखान्यातली इंजिनं. १८९७ मध्ये बार्शी टाउन ते बार्शी रोड, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत, गाडी धावू लागली. तोच अनुभव घेऊन काल्थ्रॉपने पुढे इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरात लीक अँड मॅनिफोल्ड ही अडीच फुटी रेल्वे उभी केली. १९०४ साली सुरू झालेल्या त्या रेल्वेची इंजिनंही किटसनचीच होती, आणि त्यांतल्या एकाला काल्थ्रॉपचंच नाव दिलेलं होतं.

घरातल्या फळीवर छोटी रेल्वे मांडणारे बहुतेक जण नेमकं उलटं करतात. आधी आवडलेलं इंजिन येतं. मग त्याला शोभतील असे लांब डबे येतात, स्टेशनची इमारत येते, पूल येतो. शेवटी लक्षात येतं की फळी ६० बाय ९० सेंटिमीटरची आहे आणि उरलेल्या जागेत वळण कोंबावं लागणार आहे. कोंबलेल्या वळणावर गाडी रूळ सोडते, दोष इंजिनाच्या माथी मारला जातो आणि सहा महिन्यांत फळी माळ्यावर जाते. हा प्रकार मी एवढ्या घरांत पाहिला आहे की, नवीन माणसाने इंजिनाचा फोटो दाखवला तर पहिला प्रश्न एकच विचारतो: तुमचं सगळ्यात अवघड वळण किती त्रिज्येचं आहे?

लहान घरात अरुंद रुळांच्या रेल्वेची मांडणी करायची कल्पना मुळात उत्तम आहे. ब्रिटनमध्ये रुजलेल्या ‘००९’ या पद्धतीत इमारती, माणसं, वाघिणी सगळं १:७६ या प्रमाणात असतं आणि रुळांमधलं अंतर फक्त ९ मिलिमीटर. हाच रूळ ‘एन’ मापाच्या गाड्यांचा असल्यामुळे चालणारे सांगाडे आयते मिळतात. एडिनबरोच्या पी. डी. हॅनकॉक यांनी क्रेग अँड मर्टनफर्ड ही काल्पनिक रेल्वे याच मापात उभारली आणि कित्येकांना या नादाला लावलं. थोडं मोठं हवं असेल तर १:४८ या प्रमाणात १६.५ मिमी रूळ वापरून अडीच फुटी रेल्वे दाखवता येते. माथेरानची दोन फुटी गाडी १:७६ मध्ये काटेकोर करायची तर रुळांमध्ये ८ मिमी अंतर हवं. ९ मिमीत एका मिलिमीटरची लबाडी होते. ती कुणाच्या डोळ्यांना दिसत नाही, तेव्हा खुशाल करावी.

वळणाच्या बाबतीत मात्र लबाडी चालत नाही. अनुभवी मांडणीकारांचा एक ढोबळ नियम आहे: सगळ्यात लांब डब्याच्या लांबीच्या निदान तिप्पट त्रिज्या ठेवावी. ९ मिमी रुळाचे तयार तुकडे नऊ इंची, म्हणजे सुमारे २२९ मिमी त्रिज्येचे मिळतात. त्यावर ७५ मिमीपर्यंतचा डबा सुखाने फिरतो. जपानच्या टोमिक्सचे १०३ मिमी त्रिज्येचे तुकडेही बाजारात आहेत आणि ते बघून मोह होतो. पण ते चार चाकी इंजिन आणि आखूड वाघिणींसाठी आहेत, बोगीच्या, म्हणजे दोन्ही टोकांखाली वळणारी चाकगाडी असलेल्या, डब्यांसाठी नव्हेत.

लांब डबा वळणावर मधोमध आत झुकतो आणि टोकांना बाहेर जातो. किती झुकेल हे घरी काढता येतं: दोन बोगींमधल्या अंतराचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट. बोगींमध्ये ७५ मिमी अंतर असलेला डबा २२९ मिमीच्या वळणावर सुमारे तीन मिलिमीटर आत येतो. चाकांमध्ये २५ मिमी अंतर असलेली वाघीण अर्धा मिलिमीटरही हलत नाही. बोगद्याच्या तोंडावर किंवा फलाटाच्या कडेला या तीन मिलिमीटरचा हिशेब धरलेला नसेल, तर नुकतीच रंगवलेली भिंत फोडावी लागते. म्हणून आपल्या सगळ्यात लांब डब्याच्या मापाचा पुठ्ठा कापावा, त्याच्या मध्यावर आणि टोकांना पेन्सिल बांधून तो वळणावरून फिरवावा. उमटलेल्या रेघांच्या आत काहीही उभं करू नये.

छोट्या फळीवर आठाच्या आकड्यासारखी वर-खाली जाणारी लाइन काढायचा बेतही बहुतेकांच्या डोक्यात येतो. ००९ मध्ये खालच्या गाडीवरून वरचा रूळ न्यायला पुलाच्या जाडीसकट साधारण ५५ मिमी उंची लागते. पंचवीसला एक असा बऱ्यापैकी तीव्र चढ धरला तरी ती गाठायला जवळपास १.४ मीटर रूळ हवा. नऊ इंची त्रिज्येचं पूर्ण वर्तुळच १.४ मीटरच्या आसपास भरतं. म्हणजे चढायला एक वर्तुळ आणि उतरायला दुसरं. हलकं चार चाकी इंजिन त्या चढावर जागच्या जागी चाकं फिरवत राहतं ते वेगळंच.

यावर सुंदर तोड म्हणजे गोल फिरणं सोडून देणं आणि रेल्वेला काम देणं. खऱ्या औद्योगिक रेल्वे प्रवासी घेऊन कुठे दूर जात नव्हत्या. त्या खाणीतून धक्क्यापर्यंत, भट्टीतून गोदामापर्यंत, रेतीच्या खड्ड्यातून ब्रॉडगेजच्या यार्डापर्यंत ये-जा करायच्या. बेडफर्डशायरमधली लेटन बझर्डची रेल्वे १९१९ मध्ये रेती वाहण्यासाठीच सुरू झाली, तीही पहिल्या महायुद्धात खंदकांमागे चाललेल्या छोट्या रेल्वेच्या शिल्लक सामानावर. (गंमत अशी की जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेलने माथेरानसाठी बनवलेल्या इंजिनांपैकी ७४० क्रमांकाचं इंजिन अखेर या रेतीवाल्या रेल्वेवर पोचलं.) अशा ठिकाणी लांब डब्यांचा प्रश्नच नसतो. एक बुटकं डिझेल इंजिन आणि कुशीवर कलंडून माल ओतणाऱ्या पाच-सहा वाघिणी असल्या की झालं.

या प्रकारच्या मांडणीचा सगळ्यात उत्तम धडा ॲलन राइट या इंग्रज छांदिष्टाने घालून दिला. त्याच्या ‘इंगलनुक सायडिंग्ज’मध्ये दोनच सांधे आणि तीन साइडिंग आहेत. एकीत पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोन्हींत तीन-तीन. पुढच्या मोकळ्या रुळावर इंजिन आणि तीन वाघिणी एवढीच जागा. एकूण आठ वाघिणी घ्यायच्या, चिठ्ठ्या टाकून त्यांतल्या पाच निवडायच्या आणि चिठ्ठ्या निघाल्या त्याच क्रमाने त्या जोडून गाडी तयार करायची. आठांतून पाच वाघिणी क्रमाने लावायचे ६,७२० प्रकार होतात. ००९ च्या आखूड वाघिणी घेतल्या तर हा सगळा कारभार मीटरभर लांबीच्या फळीवर बसतो. वळणाची अट इथे गाडीला नाही, फक्त सांध्यांना उरते. अमेरिकेतले कार्ल ॲरेंट यांनी चार चौरस फुटांच्या आतल्या अशा मांडण्यांचा पाठपुरावा केला. मुंबईच्या वन-बीएचकेत राहणाऱ्याने सुरुवात इथूनच करावी असं माझं ठाम मत आहे.

छोट्या इंजिनाचा खरा शत्रू मात्र सांध्यातच बसलेला असतो. दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या जागेला फ्रॉग म्हणतात. स्वस्त सांध्यांत तो प्लास्टिकचा असतो, म्हणजे तिथे वीज नाही. बारा चाकी इंजिन तो तुकडा सहज ओलांडतं, कारण बाकीची चाकं वीज घेतच असतात. चार चाकी इंजिनाचं एक चाक प्लास्टिकवर आलं आणि दुसरं धुळीवर, की ते तिथेच थबकतं. मग बोटाने ढकलायचं, पुन्हा थबकायचं. औद्योगिक मांडणी करणाऱ्याने धातूचा फ्रॉग असलेला सांधाच घ्यावा. सांधा बदलताच फ्रॉगला योग्य बाजूची वीज देणारा स्विच जोडावा आणि प्रत्येक रुळाच्या तुकड्याला स्वतंत्र तार सोडावी. रुळांच्या जोडपट्ट्यांवर विसंबू नये, दोन पावसाळ्यांत त्या सैल होतात. रूळ पुसायला पॉलिश पेपर नको. त्याने पडलेल्या ओरखड्यांत मळ आणखी साचतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेलं सुती कापड पुरतं.

वाघिणींचं वजन आणि कड्या या गोष्टी क्षुल्लक वाटतात. पण ढकलताना हलकी वाघीण वळणावर उचलली जाते, आणि दोन वेगळ्या प्रकारच्या कड्या एकमेकींत अडकून तिला बाहेर फेकतात. अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनची शिफारस एचओ मापासाठी अशी: मूळ एक औंस, वर वाघिणीच्या लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. ००९ साठी हा आकडा जसाच्या तसा लागू होत नाही, पण तत्त्व तेच: सगळ्या वाघिणी एका हिशेबाने जड हव्यात. सायकलच्या दुकानात मिळणारे स्टीलचे छर्रे तळाला चिकटवले की काम होतं. कडी मात्र एकाच जातीची ठेवावी.

विजेचा एक धोका आपल्याकडचा आहे. अमेरिकेतून नातेवाइकाने आणलेल्या रेल्वेच्या संचाबरोबरचा ॲडाप्टर बहुधा १२० व्होल्टसाठीच असतो. आपल्या घरात वीज २३० व्होल्टची. प्लगचा आकार बदलणारा तुकडा लावला तरी व्होल्टेज बदलत नाही. ॲडाप्टरवर १००–२४० व्होल्ट लिहिलेलं नसेल तर तो भिंतीत खुपसूच नये. हे तपासून न घेता केवळ ‘पिन बसते’ म्हणून असा संच विकणारं दुकानही मला भेटलं आहे. रुळांना लागते ती १२ व्होल्टची डीसी वीज. इथल्या चांगल्या १२ व्होल्ट पुरवठ्यावर वेगनियंत्रक जोडून घेणं स्वस्त पडतं आणि सुरक्षितही.

फळीसाठी एमडीएफ घेऊ नये. कोकणात किंवा मुंबईत एका पावसाळ्यात तिच्या कडा फुगतात आणि रुळांचे जोड वर येतात. चांगल्या प्रतीचं १२ मिमी प्लायवूड, खालून आडव्या पट्ट्या आणि सगळ्या बाजूंनी वॉर्निश, एवढं केलं तर फळी टिकते. डोंगरासाठी थर्मोकोल चालेल, पण त्यावर पेट्रोलसारखा द्रावक असलेला गोंद लावला तर डोंगर डोळ्यांदेखत विरघळतो. खडी बसवायला फेविकॉल पाण्यात पातळ करून त्यात भांडी धुण्याच्या साबणाचा थेंब टाकावा. सांध्याच्या हलत्या पात्यांपासून मात्र तो दोन बोटं लांब ठेवावा. आणि ही खडी टाकण्याआधी, रूळ नुसते टाचण्यांनी लावलेले असताना, गाडी दोन्ही दिशांनी रांगत्या वेगाने कित्येकदा चालवून बघावी. घाईत बसवलेली खडी खरवडून काढण्याइतकं कंटाळवाणं काम या छंदात दुसरं नाही.

देखाव्याबद्दल थोडंच. एन मापाच्या नेहमीच्या रुळाची उंची सुमारे दोन मिमी असते. बार्शीच्या ३० पौंडी रुळाच्या जातीचा खरा रूळ सव्वातीन इंचांहूनही बुटका, म्हणजे १:७६ मध्ये जेमतेम एक मिमी. हा दुप्पट जाडपणा झाकायचा सोपा उपाय खुद्द औद्योगिक रेल्वेंनीच दाखवला आहे: स्लीपर माती, राख आणि गवतात पूर्ण गाडून टाकायचे. खऱ्या साइडिंगही तशाच दिसायच्या.

आता एक विनंती. बार्शीची लाइन ब्रॉडगेज झाली आणि नॅरोगेजचे रूळ उखडले गेले. यवतमाळ-मूर्तिजापूरची शकुंतला थांबली. नेरळ-माथेरानची दोन फुटी गाडी मात्र अजून आहे, आणि पावसाळ्यात खालचा भाग बंद असला तरी अमन लॉज ते माथेरान शटल चालू असते. पुढच्या वेळी जाल तेव्हा मोजपट्टी आणि कॅमेरा बरोबर न्या. स्टेशनमास्तरांची परवानगी घेऊन, रुळांवर न उतरता, फलाटाची उंची, दारांची रुंदी, डब्यांच्या चाकांमधलं अंतर, पाण्याच्या टाकीचे सांधे टिपून ठेवा. कुर्डुवाडी, मूर्तिजापूर भागात जुनी गोदामं उभी असतील तर त्यांचीही मापं घ्या. ती मापं दुसऱ्या मांडणीकारांना मागितल्यावर द्या.