निष्ठा कुणी कुणाशी ठेवायची?

जास्त पगारासाठी कुणी जुनी नोकरी सोडली की आपण चटकन म्हणतो, पैशापुढे माणसे विसरला. असा निवाडा करण्यापूर्वी अमेरिकेतील बेसबॉलचे एक उदाहरण पाहू या.

आल्बर्ट पुहोल्स २००१ पासून अकरा हंगाम सेंट लुईस शहराच्या कार्डिनल्स संघाकडून खेळला. या काळात संघाने २००६ व २०११ साली वर्ल्ड सिरीज जिंकली. करार संपल्यावर, डिसेंबर २०११ मध्ये, तो दहा वर्षांसाठी एंजल्स संघाकडे गेला. रक्कम होती सुमारे २४ कोटी डॉलर. चाहत्यांत दोन तट पडले. काहींना हा लोभ वाटला, तर काहींना कष्टाचे रास्त मोल.

येथे थोडा इतिहास आठवावा. पूर्वी करार संपला तरी खेळाडूवर संघाचाच हक्क राही. १९६९ साली याच कार्डिनल्सनी कर्ट फ्लड या बारा हंगाम खेळलेल्या खेळाडूला न विचारता दुसऱ्या संघाला देऊन टाकले. तो कोर्टात गेला आणि १९७२ साली सर्वोच्च न्यायालयात हरला. ही सक्ती मोडली ती १९७५ अखेरच्या लवादाच्या निकालाने. म्हणजे निष्ठेची अपेक्षा होती, पण ती एकाच बाजूकडून.

२०१९ मध्ये पुहोल्स प्रतिस्पर्धी म्हणून सेंट लुईसला आला, तेव्हा प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. २०२२ चा अखेरचा हंगाम तो पुन्हा कार्डिनल्सकडून खेळला आणि कारकिर्दीतला ७०० वा होम रन त्याने याच हंगामात मारला.

विचारासाठी : ज्यांच्याकडून आपण निष्ठा मागतो, त्यांच्याशी आपण किती निष्ठेने वागतो?