‘ळ’ शिकायला आलेली माणसं

माझं बालपण नाना पेठेतलं. क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चला जागा दिली ती सवाई माधवराव पेशव्यांनी, १७९२ साली, आपल्या फौजेतल्या ख्रिस्ती लोकांसाठी. हे मला चाळिशीनंतर कळलं. घरी ‘मिशनरी’ हा शब्द जरा आवाज खाली आणूनच उच्चारला जाई. शाळेतून निवृत्त झाले आणि एका फादरांनी विचारलं, “आमच्या मुलांना मराठी शिकवाल का?” मुलं म्हणजे फादर व्हायला शिकणारे तरुण. त्यांना अकरा वर्षं शिकवलं. त्या वर्षांनी मला जे दिलं, ते इथे मांडते आहे.

१. आधी भाषा, मग काम, हा मिशनऱ्यांचा जुना शिरस्ता आहे. माझ्याकडे झारखंडचा एक तरुण यायचा. मातृभाषा कुडुख, हिंदी उत्तम, पण ‘ळ’ काही केल्या जिभेवर बसेना. त्याने वहीत एक पान भरून शब्द काढले होते: केळं, पोळी, डोळा, आभाळ, कळवळा. प्रत्येक ‘ळ’ला लाल पेनाने गोल. “एवढी घाई कशाला? लोक समजून घेतील,” असं मी म्हटलं, तर म्हणाला, “टीचर, एखादी आजी रडत रडत काही सांगायला लागली तर मी दुभाष्या कुठून आणू?” त्या दिवसापासून मी तासाची वेळ वाढवली.

मग मी मागे जात वाचत गेले. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज येशूसंघी (जेसुइट) १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि १६१६ साली त्याचं ‘क्रिस्तपुराण’ राचोलला छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या, त्याही मराठीत! पुण्यात तर ही परंपरा अगदी आपल्या अंगणापर्यंत येते. गी दल्यूरी हा फ्रेंच येशूसंघी आळंदीच्या पालखीबरोबर पंढरपूरला चालत गेला, त्याने तुकोबांचे अभंग फ्रेंचमध्ये नेले, आणि त्याचा विठोबावरचा अभ्यास डेक्कन कॉलेजने १९६० साली छापला. रिचर्ड द स्मेट या बेल्जियन फादरांनी शंकराचार्यांच्या अभ्यासात आयुष्य घालवलं, तेही इथे नगर रोडवर राहून. शनिवार पेठेतल्या स्नेहसदनाशी जोडलेले मॅथ्यू लेडर्ले जर्मन. आधुनिक महाराष्ट्रातल्या विचारप्रवाहांवर त्यांनी १९७६ मध्ये ग्रंथ लिहिला. मी पेठेत वाढले, मराठी घेऊन एम.ए. झाले, आणि यांतलं एकही नाव मला कोणी शिकवलं नव्हतं. याचं मला आजही वाईट वाटतं.

२. देणं आणि सेवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका नाताळात आम्ही मैत्रिणी नन चालवत असलेल्या वृद्धाश्रमात ब्लँकेटं घेऊन गेलो. सिस्टर एका आजोबांसमोर पाटावर बसल्या होत्या. आजोबांचे पाय कोमट पाण्याच्या टबात, नखं जाड, पिवळी, आत वळलेली. वर न बघताच सिस्टर म्हणाल्या, “ताई, ब्लँकेटं तिकडे ठेवा आणि जरा यांचा हात धरता? दुखलं की ते पाय ओढतात.” दहा बोटांना पाऊण तास लागला. मी हात धरून बसले होते आणि आजोबा माझ्याशी त्यांच्या बैलांबद्दल बोलत होते. पूर्वी नन म्हटली की मठाच्या भिंतीआड राहणारी, अशीच रीत होती. १६३३ साली फ्रान्समध्ये व्हिन्सेंट द पॉल आणि लुईझ द मारियाक यांनी बायकांना रस्त्यावर, रुग्णांच्या घरात पाठवलं. मदर तेरेसांनी १९५० मध्ये कोलकात्यात संघ स्थापला, तेव्हा नेहमीच्या तीन व्रतांना चौथं जोडलं: गरिबांतल्या गरिबाची मनापासून, विनामूल्य सेवा. हे सगळं मी नंतर वाचलं. पण मला ते समजलं त्या टबाजवळ.

३. अप्रिय इतिहास लपवला की चांगल्यावरचाही विश्वास उडतो. गोव्यातल्या साष्टीत देवळं पाडली गेली, त्यात येशूसंघीयांचा हात होता. १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच येशूसंघीयांना ठार मारलं, आणि पुढे पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना असोळण्याला बोलावून मारलं. मी भीत भीत हा विषय वर्गात काढला. शेवटच्या बाकावरचा मुलगा शांतपणे म्हणाला, “त्या गावकऱ्यांची नावंही आम्ही वाचायला हवीत.” दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, ओव्याही आणि पाडलेली देवळंही. एकीने दुसरी पुसली जात नाही.

४. सगळ्यात मोठं दान हे गावाने स्वतः केलेलं काम असतं, हे मला नगरच्या बाखरबाबांनी शिकवलं. फादर हर्मन बाखर स्वित्झर्लंडचे. १९४८ साली भारतात आले. दुष्काळी नगर जिल्ह्यात मदतीचं धान्य वाटता वाटता प्रश्न पडावा, की हे किती वर्षं वाटायचं? त्यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात गावाने आधी श्रमदान करायचं, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळायची, मगच पैसा यायचा. माथा ते पायथा काम: डोंगरावर चर, खाली बांध, पाणी जिरवत जिरवत ओढ्यापर्यंत. १९९३ मध्ये क्रिस्पिनो लोबो यांच्यासह त्यांनी स्थापन केलेली ‘वॉटर’ ही संस्था आज पुण्यातून काम करते. ज्याने विहिरीला पाणी आणलं त्याचा धर्म कोणता, हे नगरच्या शेतकऱ्याने फारसं विचारलेलं मी ऐकलं नाही.

५. बदली हेही व्रत आहे. त्या नखं कापणाऱ्या सिस्टर चौदा वर्षांनी एका सकाळी गेल्या. एक बॅग, एक छत्री. आजोबा तोवर राहिले नव्हते. मी रडले, त्या नाही रडल्या.

६. आता परदेशी फादर जवळजवळ उरले नाहीत. १८९३ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीत सुरू झालेली आणि १९५५ मध्ये पुण्यात रामवाडीला आलेली पेपल सेमिनरी आज भारतातल्याच मुलांना फादर म्हणून घडवते. पण जर्मन आणि स्विस फादरांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी नगर-पुण्याकडून मायदेशी पत्रं लिहिली. आपल्याच गावांबद्दल, दुष्काळांबद्दल, माणसांबद्दल लिहिलेली ही पत्रं माझ्या माहितीप्रमाणे अजून मराठीत यायची आहेत. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, मॅक्स म्युलर भवनात दर वर्षी कितीतरी मुलं जर्मन शिकतात. त्यांच्यापैकी कोणी हे वाचत असेल तर एवढंच सांगते: एक पत्र घ्या आणि मराठीत आणा. मराठी तपासून द्यायला मी आहे.