डोंगरातली सायकल : पैसा कुठे घालावा, कुठे वाचवावा?

आरोग्याच्या पानावर सायकलच्या खर्चाचा विषय का, असे काही वाचकांना वाटेल. कारण घडले ते आधी सांगतो.

आमच्या वस्तीतल्या एका मुलाने डोंगरातल्या सायकल स्पर्धेत उतरायचे ठरवले. त्याची आई चार घरची कामे करते. दुकानदाराने पुढे-मागे शॉकअप असलेली, दोन्ही चाकांना डिस्कब्रेक असलेली गिअरची सायकल दाखवली. रोख नव्हते म्हणून ती हप्त्यावर घेतली. स्पर्धेची फी भरली, चमकदार टी-शर्टही घेतला. हेल्मेटला पैसे उरले नाहीत. 'ते पुढच्या महिन्यात बघू' असे ठरले. सरावाच्या दुसऱ्याच रविवारी उतारावर ब्रेकची केबल सुटली आणि पोरगा खडीवर आपटला. खांद्याजवळचे, गळपट्टीचे हाड मोडले. डोके वाचले ते निव्वळ योगायोगाने. आईचे आठ दिवस काम बुडाले. स्पर्धा झाली, सायकल दोरीने बांधून पडली आणि हप्ते मात्र चालू राहिले.

यात मुलाची हौस चुकीची नव्हती. पैसे चुकीच्या क्रमाने खर्च झाले. तो क्रम सुधारावा यासाठी हा पाठ.

हा खेळ भंगारातून जन्मला

डोंगरातली सायकल म्हणजे श्रीमंतांचा खेळ, असा समज आहे. त्याचा इतिहास वेगळाच आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात, मरीन परगण्यात, १९७०च्या दशकात काही तरुण १९३०-४०च्या काळातल्या जुन्या, जाडजूड सायकली स्वस्तात घ्यायचे. त्यांचे मडगार्ड, चेनकव्हर काढून टाकायचे आणि त्या डोंगरवाटेने खाली पळवायचे. त्यांची गाजलेली उताराची शर्यत २१ ऑक्टोबर १९७६ला सुरू झाली. तिचे नाव 'रीपॅक'. उतारावर मागच्या ब्रेकमधले ग्रीस तापून जळून जायचे आणि ते पुन्हा भरावे लागायचे, म्हणून हे नाव. पुढे वीस वर्षांनी, १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हाच खेळ पोहोचला.

सायकलच्या शर्यतीचे दार सर्वांना सारखे उघडे नव्हते, हेही लक्षात ठेवू. अमेरिकेतल्या सायकलस्वारांच्या मोठ्या संघटनेने १८९४मध्ये काळ्या लोकांना सभासदत्व बंद केले. तरीही मेजर टेलर हा काळा सायकलपटू १८९९मध्ये माँट्रियलला जगज्जेता झाला. म्हणून 'हे आपले काम नाही' असे आपल्या मुला-मुलींना कोणी सांगू नये. प्रश्न फक्त इतकाच, की घरचा पैसा शहाणपणाने कसा लावायचा.

चार वाटण्यांचा हिशेब

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला कमाईच्या चार वाटण्या करायला सांगितल्या आहेत. एक वाटा उपभोगाला, दोन वाटे कामधंद्याला आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून ठेवायचा. हौसेची सायकल उपभोगाच्या वाट्यात बसते. कामाला, कॉलेजला जायची सायकल कामधंद्याच्या वाट्यात बसते. एकच सायकल दोन्ही करत असेल तर ती खरी फायद्याची. पण आजारपणासाठी राखलेल्या चौथ्या वाट्याला हात लावून, किंवा भिशी मोडून, किंवा व्याजाने पैसे काढून सायकल घेऊ नये.

सायकल घेताना

आम्ही पैशांचा क्रम असा लावतो : आधी माप, मग ब्रेक, मग टायर, मग गिअर आणि सर्वांत शेवटी दिसणे.

माप. सायकलवर दोन्ही पाय टेकून उभे राहा. वरचा दांडा आणि जांघ यांत दोन-तीन बोटे नव्हे, चांगले दोन इंच अंतर हवे. खडकाळ वाटेवर अचानक उतरावे लागते, तेव्हा हे अंतर कामी येते. 'पोरगा वाढेल' म्हणून मोठी सायकल घेऊ नका. मोठ्या सायकलवर तोल जातो आणि पाठ दुखते.

शॉकअप. स्वस्त सायकलच्या मागच्या शॉकअपवर पैसे घालवू नका. त्यात फक्त स्प्रिंग असते. पायडल मारले की निम्मा जोर ती स्प्रिंग दाबण्यात जातो असे वाटावे, इतकी सायकल खालीवर होते. वजन वाढते आणि चढावर दम लागतो. पुढचा शॉकअप चालेल, पण तोही नसला तर बिघडत नाही. साधा, मजबूत पुढचा चिमटा आणि थोडे जाड टायर यावर मुरमाची वाट छान पार होते.

ब्रेक. स्वस्त डिस्कपेक्षा रिमवर दाबणारा नीट कसलेला साधा ब्रेक बरा. त्याचे रबर वस्तीतल्या कुठल्याही सायकल दुकानात मिळते आणि आपल्या हाताने बदलता येते.

गिअर. २१ गिअर असोत की १८, चढावर कामाला येतो तो सर्वांत हलका गिअर. दुकानातच मागचे चाक उचलून सगळे गिअर बदलून पाहा. चेन अडकत किंवा उडत असेल तर आधी तिथेच कसून मागा.

जुनी सायकल घेणे कमीपणाचे नाही

चांगली जुनी सायकल ही नव्या भपकेदार सायकलपेक्षा बरेचदा स्वस्त आणि टिकाऊ पडते. घेताना एवढे तपासा :

१. फ्रेमचे वेल्डिंग, विशेषतः हँडलखालचा जोड. तिथे केसासारखी चीर किंवा रंगाला सुरकुती दिसली तर सायकल घेऊ नका.

२. चाक फिरवा. रिम एका बाजूला घासत असेल तर आऊट काढायचा खर्च धरा.

३. पायडलचा दांडा धरून आडवा हलवा. खडखड हलला तर आतले बेअरिंग गेले आहे.

४. चेन मोजा. नव्या चेनच्या एका खिळ्यापासून मोजले तर पंचविसावा खिळा बरोबर १२ इंचांवर येतो. तो अर्धा सूत पुढे गेला असेल तर चेन बदलायची. पूर्ण सूत गेला असेल तर बहुधा फ्रीव्हीलही बदलावे लागते.

५. मूळ बिल, नाहीतर विकणाऱ्याच्या सहीची पावती. चोरीची सायकल स्वस्त मिळते, पण पुढे पोलिसांच्या दारात उभे राहावे लागते ते आपल्याच मुलाला.

हेल्मेट मात्र जुने नको

सगळे जुने चालेल, हेल्मेट चालणार नाही. हेल्मेटच्या आतला फेस एकदाच आपटण्यासाठी असतो. तो स्वतः दाबला जातो आणि डोक्याचा मार घेतो. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून चांगले दिसले तरी निकामी असते. म्हणून पडल्यावर ते बदलायचे आणि दुसऱ्याचे वापरलेले विकत घ्यायचे नाही. आत ईएन १०७८ किंवा सीपीएससी यांपैकी एखाद्या मानकाचा शिक्का पाहा. पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटे, पट्टे कानाखाली जुळलेले आणि हनुवटीखाली जेमतेम एक-दोन बोटे जातील इतका पट्टा घट्ट. बांधकामावरचे हेल्मेट सायकलसाठी नाही.

पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील तर स्पर्धेची फी राहू द्या, हेल्मेट घ्या.

गुडघा वाचवणारी फुकटची दुरुस्ती

'सायकलने गुडघे दुखतात' अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांची सीट आम्ही आधी पाहतो. बहुतेक वेळा ती फार खाली असते. भिंतीला धरून सीटवर बसा, टाच पायडलवर ठेवा आणि पायडल सर्वांत खाली न्या. गुडघा सरळ झाला की सीटची उंची बरोबर. मग चालवताना पायाचा पुढचा भाग पायडलवर ठेवला की गुडघ्याला थोडा बाक राहतो. सीट खाली असेल तर गुडघ्याच्या पुढे दुखते. फार वर असेल तर कंबर डोलते आणि गुडघ्याच्या मागे ताण येतो. एकच सायकल भाऊ-बहीण वापरत असतील तर सीटच्या दांड्यावर दोघांच्या खुणा करून ठेवा. ओढणी, सैल पायजमा चेनमध्ये जाऊ नये म्हणून बांधून घ्या.

जड गिअर ओढू नका. हलक्या गिअरमध्ये पाय भराभर फिरू द्या. ताकद दाखवायला गेलात तर गुडघा आधी बोलतो.

स्पर्धेची खरी किंमत

फलकावर फी लिहिलेली असते, खर्च लिहिलेला नसतो. समजा फी १००० रुपये आहे. दोघांचे येणे-जाणे ६००, सायकल टेम्पोत टाकली त्याचे ५००, खाणे ३००, बुडालेली एक दिवसाची मजुरी ६००, आधी ब्रेक-टायरवर केलेला खर्च ४००. हजाराची स्पर्धा ३४०० रुपयांना पडली. हा हिशेब घरात सर्वांसमोर कागदावर मांडा आणि मगच ठरवा.

फी भरण्याआधी आयोजकांना हे विचारा. विचारायला लाजू नका :

- वाटेवर रुग्णवाहिका आणि प्रथमोपचार कुठे कुठे आहेत?
- धोक्याच्या वळणांवर माणसे उभी असतील का?
- पाणी किती अंतरावर मिळेल?
- फीमध्ये अपघात विमा आहे का? असेल तर कागद दाखवा.
- येता आले नाही तर पैसे परत मिळतात का?

यांची उत्तरे नीट मिळाली तर तुमच्या फीचे मोल आहे. उत्तरात फक्त टी-शर्ट, पदक आणि फोटो ऐकू आले, तर तुम्ही कापडाचे आणि पत्र्याचे पैसे देत आहात. पहिल्यांदा कमीत कमी अंतराच्या गटात नाव द्या. त्याहून चांगला मार्ग म्हणजे पहिल्या वर्षी स्वयंसेवक म्हणून जा. वाट कशी आखतात, कोण कुठे पडतो, कोणाची सायकल कशाने बंद पडते, हे सारे फुकट शिकायला मिळते.

पिशवीत काय, पोटात काय

पावडरी, जेल, रंगीत बाटल्या यांची हौशी माणसाला गरज नाही. निघण्याआधी दीड-दोन तास चपाती-भाजी किंवा पोहे. वाटेत केळी, गूळ-शेंगदाणे, खजूर. तासापेक्षा जास्त वेळ घाम गाळायचा असेल तर एका बाटलीत साधे पाणी आणि दुसरीत लिंबू, साखर, थोडे मीठ. परतल्यावर डाळ-भात, उसळ, अंडे. रक्तदाब किंवा साखरेचा आजार असेल तर मीठ-साखरेचे डॉक्टरांना विचारा.

पिशवीत एक जादा ट्यूब, पंक्चरचे साहित्य, छोटा पंप, एलन की, स्वच्छ कापड. पडून खरचटले तर जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा. माती गेलेल्या जखमेला हळद-तंबाखू लावू नका. सरकारी दवाखान्यात जाऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनचे विचारा. डोक्याला मार लागून उलटी, गुंगी किंवा विसराळूपणा वाटला तर घरी न झोपवता थेट रुग्णालय गाठा.

सराव : वीणेच्या तारेसारखा

सोण भिक्षू पायातून रक्त येईपर्यंत चालत राहिले, तेव्हा तथागतांनी त्यांना वीणेच्या तारांची आठवण करून दिली. तार फार ताणली तर सूर लागत नाही, फार सैल सोडली तरी लागत नाही. सरावही असाच. प्रौढांनी आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. कामाला जाताना १५ आणि येताना १५ मिनिटे सायकल चालवली तर पाच दिवसांत १५० मिनिटे झाली. याला ना फी लागते, ना पदक. उलट रिक्षाचे पैसे वाचतात. छातीत दुखणे, चक्कर, धाप असा त्रास असलेल्यांनी आणि चाळिशीनंतर नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी आधी तपासणी करून घ्यावी.

आपली लेणी, आपली वाट

आपल्या पूर्वजांनी विहार डोंगरात कोरले. कार्ले, भाजे, बेडसे, जुन्नर, नाशिकची त्रिरश्मी लेणी, ही सारी डोंगरातच आहेत. मळवली स्टेशनच्या एका बाजूला भाजे, दुसऱ्या बाजूला कार्ले. जवळच्या वस्त्यांतल्या मुला-मुलींनी पहाटे निघावे, सायकली पायथ्याला सुरक्षित लावाव्यात, लेणी चढावीत, वंदना घ्यावी आणि ऊन चढायच्या आत परतावे. चढ, मुरूम, उतार सगळे वाटेत भेटते. पावसाळ्यात निसरड्या उतारांपासून मात्र दूर राहा.

विहाराच्या मंडळाने एक सामाईक पेटी करावी, असे आम्ही सुचवतो. उभा पंप, पाने, एलन की, चेनचे तेल, पंक्चरचे साहित्य, इंचपट्टी. घरटी थोडी वर्गणी निघाली तरी पेटी होते. दर रविवारी वंदनेनंतर अर्धा तास ब्रेक, हवा, चेन तपासावी. मुलींनीही पाना हातात घ्यावा.

सुरुवातीला सांगितलेला मुलगा आता बरा आहे. सायकलचा मागचा शॉकअप काढता येत नाही म्हणून तो अजून कुरकुरतो, आणि शेवटचे दोन हप्ते बाकी आहेत. पण आमच्या विहारात रविवारी दुसऱ्यांच्या ब्रेकच्या केबली तोच ओढून पाहतो, आणि हेल्मेट नसलेल्याला बरोबर नेत नाही.

या आठवड्यात घरी करा : सीटची उंची टाच ठेवून तपासा. दोन्ही ब्रेक पूर्ण दाबून सायकल पुढे ढकला, चाक फिरता कामा नये. चेन इंचपट्टीने मोजा. आणि पुढच्या स्पर्धेचा संपूर्ण खर्च एका कागदावर लिहून तो आई-वडिलांना दाखवा.

नमो बुद्धाय, जयभीम!